ठमाकाकूंचं जागणं

शाडूच्या ओल्या मातीचा वास आला की मला अजून झोप येते. आता या वयात झोप अशी सरळ येत नाही, तिला बोलवावं लागतं. पण पेणला कुणाकडे गेले आणि शेजारच्या कारखान्यातनं तो वास आला, की बसल्या जागी डोळे जड होतात. माझी मीना हसते. म्हणते, "आई, त्या वासानं लोकांना गणपती आठवतात, तुला झोप कशी गं आठवते?" मी म्हणते, मला ठमाकाकू आठवतात.

कारखाना म्हणजे धुराड्याचा नव्हे हं. पेणला गणपतीच्या मूर्ती जिथे होतात त्याला कारखानाच म्हणतात. ठमाकाकूंचे यजमान, नाना, त्यांचा असा कारखाना होता आणि त्याच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्यानं राहायचो. आमचे हे नागोठण्याकडे कंपनीत, शिफ्टची नोकरी. माझं माहेर रोह्याचं, पण आई माझ्या लग्नाआधीच गेलेली. सासर निडीच्या आत, भातशेतीचं. म्हणजे पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ते राहिलं, आणि मीना पेणलाच झाली. थोरली बहीण आली, बारसं करून गेली, तिचाही संसार होता. सासूबाईंचा निरोप आला, "लावणी उरकली की येते." त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. चिखल केलेलं शेत काही थांबत नाही.

थांबत तर मीनाही नव्हती. प्यायची, पिता पिता झोपायची, खाली ठेवली की ओठ हलायला लागायचे. परत घ्यायची. परत तेच. घड्याळाकडे बघणं मी सोडूनच दिलं होतं. छातीला चिरा पडलेल्या, पाठ धरलेली, आणि डोक्यात नुसता भुसा. एकदा चहात मीठ घातलं. एकदा तर भाताखाली स्टोव्ह पेटवला आणि भिंतीला टेकून उभ्या उभ्या झोपले. हे फर्स्ट शिफ्ट करून आले तेव्हा खोलीभर धूर आणि मी त्यातच, मुलीला घट्ट धरून. ओरडले नाहीत. पण त्यांचा चेहरा असा झाला की त्यांनी ओरडायला हवं होतं असं वाटलं. मला रडूसुद्धा येत नव्हतं. रडायलाही थोडी ताकद लागते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठमाकाकू दारात उभ्या. उंच, काटकुळ्या, लुगडं गुडघ्यापर्यंत ओढलेलं, हात कोपरापर्यंत मातीनं करडे. ते हात पूर्ण धुतलेले मी कधी पाहिले नाहीत. एका काखेत पाट, दुसऱ्या हातात ओल्या गोणपाटात गुंडाळलेला मातीचा गोळा.

"हितं बसून उंदीर केले तर चालंल काय गो तुला?" त्यांनी विचारलं. "तिकडं कारखान्यात पोरं लय दंगा करतात, काम होत नाय माझं."

मी मान हलवली. मला वाटलं, त्यांचीच काहीतरी अडचण आहे.

नानांच्या मूर्तींचे उंदीर वेगळे करायचे आणि मग मूर्तीच्या पायाशी बसवायचे. ते काम काकूंचं. सुपारीपेक्षा मोठी गोळी तळहातावर वळायची, चिमटीनं नाक काढायचं, दोन कान उचलायचे, काडीनं डोळे टोचायचे, आणि बारीक वळी करून शेपूट. पाटावर ओळीनं उंदीर मांडले जायचे, सगळ्यांची तोंडं माझ्याकडे.

पहिल्याच दिवशी त्यांनी आपला कायदा सांगून टाकला. "पाजायचं ते बसून. पाठीला उशी घे. प्यायली की माझ्याकडं दे नि तू भिंतीकडं तोंड कर."

"अहो पण ती लगेच उठते, काकू."

"उठंल तवा देईन की. मी काय पाजनार हाय तिला? नीज. मी हाय जागी."

हे "मी हाय जागी" त्या रोज म्हणायच्या. दिवसातनं जितक्या वेळा मी आडवी झाले तितक्या वेळा म्हणायच्या. मांडीवर स्वच्छ लुगड्याची घडी टाकून मीनाला घ्यायच्या, आणि हात तिच्या पलीकडे पाटावर चालूच. पाळणा म्हणणं, लाडे लाडे बोलणं, पापे घेणं, यातलं काही नाही. मीनाशी मोठ्या माणसासारखं बोलायच्या. "काय वो पाटलीनबाय, भरलं का पोट? आता जरा आयला सोडा." मीना चुळबुळली की पायानं मांडी हलवायच्या. आणि बसायच्या नेहमी खोलीच्या मध्ये, भिंतीपासून लांब. एकदा मी म्हटलं, "काकू, टेका ना जरा, पाठ दुखेल." तर म्हणाल्या, "भिंतीला पाठ लागली की डोळा लागतो." मला ती त्यांची सवय वाटली. म्हाताऱ्या माणसांच्या असतात तशी एखादी.

मी त्यांना शेवटपर्यंत अहोजाहो केलं, त्यांनी मला पहिल्या दिवसापासून गो.

बाळ बघायला येणाऱ्या बायकांचं तर त्यांनी जे केलं ते आळीत अजून सांगतात. आपल्याकडे बाळ बघायला यायचं म्हणजे बसायचं, चहा घ्यायचा, बाळ कुणावर गेलंय ते ठरवायचं, आणि जाता जाता बाळंतिणीला एक चिंता देऊन जायचं. "दूध पातळ दिसतंय हो." "पुरत नसेल, बाटली लावा." "आमच्या पोरीला असं नव्हतं बाई." बायका यायच्या वेळेला काकू उंबऱ्यातच आडवे पाय टाकून बसायला लागल्या. कोणी आलं की विचारायच्या, "बाळ बघाया आलीस? मंग ती बालदी बघ आधी. चार लंगोटी पिळून टाक वाळत, तवर बाळ उठंल."

शेजारच्या सुलूवहिनी, त्या जरा नखऱ्याच्या, म्हणाल्या, "इश्श, मी काय लंगोटी धुवायला आले होय?"

"मंग काय च्या प्यायला आलीस? च्या कर. तिलाबी दे. माझ्यात साखर कमी."

सुलूवहिनींनी चहा केला. दुसऱ्या दिवशी आल्या त्या घरनंच पिठलंभात घेऊन आल्या. आणि दूध पातळ असल्याची चर्चा, काय सांगू, आपोआप बंद झाली. हातात ओली लंगोटी असली की माणूस कमी बोलतो.

काकूंचं सगळंच बरोबर होतं असं मात्र नाही. बाळंतिणीनं केळं खायचं नाही, ताक प्यायचं नाही, पाणी बेतानं प्यायचं, असं त्यांचं ठाम. मला तर पाजायला बसले की घशाला कोरड पडायची. मीनाचं वजन करायला दवाखान्यात गेलो तेव्हा काकू बरोबर होत्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वजन चांगलं वाढतंय, दूध पुरतंय, वरचं काही देऊ नका. पहिले काही आठवडे पोरं अशीच सारखी पितात. तुम्ही मात्र भरपूर पाणी प्या, सगळं खा. काकू वाटभर माझ्या पुढे चालत राहिल्या. मला वाटलं रागावल्या. दुसऱ्या दिवशी तांब्याभर पाणी माझ्या उशाशी आणून ठेवलं, वर चिमूटभर ओवा. "तुझ्या डाक्टरनीचं ऐकलं मी. आता माझं निम्मं ऐक."

ऐकलं.

मग ते उंदरांचं प्रकरण झालं. आमच्यात सव्वा महिना बाळंतिणीनं देवाधर्माला हात लावायचा नाही. आणि इथे गणपतीचं वाहन बाळंतिणीच्या खोलीत तयार होत होतं. नानांचं एक जुनं गिऱ्हाईक होतं, वर्षानुवर्षं त्यांच्याकडूनच मूर्ती नेणारं. त्या गृहस्थांच्या कानावर हे गेलं. कारखान्यात येऊन उभे राहिले. मला आत सगळं ऐकू येत होतं, मधे फक्त कुडाची भिंत.

"नाना, विटाळातला उंदीर आमच्या देवापुढे नको. मी दुसरीकडे बघतो."

नाना मवाळ माणूस. ते काही बोलायच्या आत काकू मातीच्या हातांनी बाहेर गेल्या. "भाऊ, तुमी कथा आयकता ना दर चवथीला? देवाला त्याच्या आयनं कशाचा केला?"

गृहस्थ नानांकडे बघायला लागले.

"अंगाच्या मळाचा. तवा तिनं कुठला इटाळ पाळला? आनि ती बाय तिथं लेकराला पाजतेय. देव तिकडं बघंल का तुमच्या मखराकडं?"

मी आत मीनाला छातीशी धरून बसले होते, श्वास रोखून. माझ्यामुळे नानांचं गिऱ्हाईक तुटणार. नानांनी मधला मार्ग काढला, म्हणाले, "तुमचा उंदीर मी सोता करतो, हितं, तुमच्या देखत." त्यांनी केला. गृहस्थ गेले. मग नाना आत डोकावून म्हणाले, "या सालचे बाकीचे समदे उंदीर तुझ्या लेकीच्या बरोबरीचे हो. एका खोलीतली भावंडं." माझ्या लक्षात आलं, उंदीर माझ्या खोलीत करायची गरज कधी नव्हतीच. कारखान्यात पोरं दंगा करत नव्हती. सगळी मान खाली घालून रंग लावत होती.

आता जे सांगायचं ते थोडं जपून सांगते.

एका दुपारी बाहेर रंगाचे डबे घेऊन टेम्पो आला आणि नाना घरात नव्हते, म्हणून काकू उठून गेल्या. मी पाजत होते. पाठ फार दुखत होती. म्हटलं, जरा आडवी होऊनच पाजते, एवढंच. पुढचं मला आठवत नाही. आठवतो तो खांद्याला बसलेला हिसका. डोळे उघडले तर काकू माझ्यावर वाकलेल्या, मीना त्यांच्या हातात, लालबुंद, आणि मग तिनं टाहो फोडला. काकूंनी तिला उभी धरली, पाठ चोळली. मातीच्या करड्या पंज्याचा ठसा मीनाच्या झबल्यावर पाठभर उमटला होता. आणि ज्या हातानं काकू इतके बारीक कान काढायच्या, तो हात तिची पाठ चोळतच राहिला. थांबेचना.

"काही झालं नाही ना काकू? तिला काही झालं नाही ना?"

"नाय." मीनाला खांद्यावर घेत म्हणाल्या. "नाय झालं. तू पानी पी."

त्या दिवसानंतर टेम्पो येवो नाहीतर आणखी कुणी येवो, काकू माझ्या खोलीतनं उठायच्या नाहीत. लघवीला जायचं तरी सुलूवहिनींना हाक मारून बसवून जायच्या. ते झबलं मी कधी सोडा घालून उकळलं नाही. ठसा जरासा राहिलाच.

लावणी उरकून सासूबाई आल्या. डोक्यावर तांदूळ, पिशवीत आळीव, खसखस, घरचं तूप. माया नव्हती असं नाही. पण घरात बघतात तर केर काढायचा राहिलेला, भांडी तशीच, सून भिंतीकडे तोंड करून निजलेली आणि एक परकी बाई जमिनीवर चिखल घेऊन बसलेली. मी जागी झाले ती त्यांच्या आवाजानं, पण उठले नाही. डोळे मिटून पडून राहिले.

"आमी नाय का पाजली पोरं?" सासूबाई म्हणत होत्या. "बांधावर झोळी बांधून लावणी लावलीय मी. पाजायचं म्हंजे काय हातानं पाजायचं असतं? हात मोकळेच की. आता सव्वा महिना सरत आला, उठू दे तिला कामाला. पडून राहून अंग जड होतं."

काकूंच्या हातातल्या मातीचा आवाज थांबला नाही. "व्हय अक्का, हात मोकळे असतात. डोळं नसतात."

"म्हंजे?"

मग काकू बोलल्या, सावकाश, जसं दुसऱ्याच कुणाचं सांगावं तसं.

"माझा पयला पोर. गनपतीचेच दिवस होते. सासू म्हनाली, हात मोकळे हायत, माती मळ. मळली. दिसभर मळायची नि मधी मधी पाजायची. त्या दिवशी सांजेला आडवी होऊन घेतला त्याला पाजाया. सासू डोकावून गेली. तिला वाटलं, बरी निजलीत दोघं, निजू दे. नाय उठवलं कुनी. मी उठले तवा तो नव्हता उठनार."

सासूबाई खाली बसल्या, त्यांच्या बांगड्या वाजल्या.

"सासूनं मला एक शिवी दिली नाय अक्का. दिली असती तर बरं झालं असतं. दोघीबी जनमभर एकमेकीकडं बघायचं टाळत र्‍हायलो. पाजनारीला झोप येनारच. चूक तिची नाय नि झोपेचीबी नाय. कोनीतरी जागं पायजे. येवढंच पायजे."

मी भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि उशी भिजत होती. इतके दिवस रडू येत नव्हतं ते त्या दुपारी आलं. हालचाल केली नाही. त्यांनी ते माझ्यासाठी सांगितलं नव्हतं.

मग सासूबाईंचा आवाज आला, अगदी हलका. "बाय, याला कान कसे काढतात गो?"

त्या महिनाभर राहिल्या. सकाळी स्वयंपाक त्यांचा, दुपारी काकूंच्या समोर दुसरा पाट त्यांचा. भाताच्या रोपांच्या मुठी बांधणारे हात, त्यांना उंदीर कुठला जमतोय. गोल गरगरीत व्हायचे. नाना एकेक उचलून बघायचे आणि म्हणायचे, "हा आला निडीकडचा उंदीर. शेतातलं भात खाऊन माजलाय." सासूबाई लटक्या रागानं म्हणायच्या, "तुमच्या पेनकरांच्या उंदरांना उपाशी ठेवता, त्याला आमी काय करनार?" काकू हसायच्या, तोंड मिटून. तेवढंच त्यांचं हसणं. त्या वर्षी आळीतल्या बऱ्याच घरांत गणपतीच्या पायाशी जाडजूड उंदीर बसला, आणि कुणी तक्रार केली नाही. मीना पाच महिन्यांची होईतो मी पूर्ण माणसात आले होते.

पुढे यांना रोह्याकडच्या कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही बिऱ्हाड हलवलं. जाणं येणं राहिलं, पण तुटक. आळीत कुणाकडे बाळंतपण झालं की काकू पाट घेऊन जातात असं कानावर यायचं. नाना गेले. सासूबाई गेल्या. कारखाना काकूंच्या धाकट्या मुलानं, बाळूनं, सांभाळला. त्यानं साचे आणले, उंदीर मूर्तीला चिकटूनच निघायला लागले. हातानं करायची गरज उरली नाही. तरी म्हणे रोज सकाळी आईला मातीचा एक गोळा देतो.

मीनाला मुलगा झाला तेव्हा ती बाळंतपणाला रोह्याला माझ्याकडे आली. तिचंही तेच. पोरगा सोडायचा नाही. मी होते, घरात सगळं होतं, तरी तिच्या डोळ्यांखाली ती काळी वर्तुळं दिसली की मला ती धूर भरलेली खोली आठवायची. पोर दोन महिन्यांचं झाल्यावर तिला म्हटलं, "चल, पेणला जाऊन येऊ. एका माणसाला दाखवायचाय तुझा लेक."

काकू ओसरीवर होत्या. इतक्या लहान झालेल्या की मी आधी ओळखलंच नाही. नजर अधू झालेली. पुढ्यात पाट, तोच जुना असेल असं मला वाटलं, विचारलं नाही. त्यावर दोनचार उंदीर, नाकं वाकडी झालेली. मी पाया पडले, नाव सांगितलं. त्यांनी माझा चेहरा हातानं चाचपला. गालाला गार माती लागली.

"पाटलीनबाय कुठं हाय?"

मीना पुढे झाली. काकूंनी तिच्या हातातल्या गाठोड्याकडे मान कलती केली. "पाजतेस का गो?"

"तासातासाला, आजी," मीना म्हणाली, आणि तिथंच खाली बसली. घरात माझ्यासमोर जे एकदाही म्हणाली नव्हती ते म्हणाली. "खूप दमलेय हो मी."

"पाज नि नीज. हितंच नीज. मी हाय जागी."

ही माझी मुलगी. शिकलेली, परक्या घरात पाणी मागायला संकोचणारी. तिनं तिथंच, ओसरीच्या आतल्या चटईवर, बसून लेकाला पाजलं, माझ्या मांडीवर दिलं, आणि भिंतीकडे तोंड करून निजली. तिला ते कुणी शिकवलं नव्हतं. घटकाभरात तिचा श्वास संथ झाला.

काकूंचा हात पाटावर चालू होता. गोळी वळली, नाक काढलं. मी काहीबाही सांगत होते, रोह्याचं, घरचं. त्या हं हं करत होत्या. मग हं थांबलं. बघते तर हात मांडीवर, त्यात अर्धा उंदीर, आणि पाठ हळूहळू मागे जात जात भिंतीला टेकलेली. डोळे मिटलेले. मी दचकले, वाकून बघितलं. छाती वरखाली होत होती. निजल्या होत्या.

बाळू काहीतरी विचारायला बाहेर आला. "आये, तो..." म्हणाला आणि मधेच थबकला. मी ओठांवर बोट ठेवलं.

"ही निजली?" तो कुजबुजला. "अशी, भिंतीला टेकून?" मग पाय न वाजवता आत गेला.

मी जराशी पुढे सरकले, भिंतीपासून लांब. नातू मांडीवर, डाव्या हाताला मीना, समोर ठमाकाकू, तिघांचे तीन श्वास. शाडूचा वास सगळीकडे भरून होता आणि माझे डोळे जड व्हायला लागले होते. काकूंच्या हातातला उंदीर मी अलगद काढून घेतला. कान राहिले होते. मला कधीच नीट जमले नव्हते, तेव्हाही जमले नाहीत, एक मोठा झाला, एक बारका. मोडले, परत काढले. परत मोडले.

त्या तिघांपैकी कुणीतरी उठेपर्यंत मी कानच काढत बसले होते.